तुमचे नेटिव्ह कुठले?

मुंबई-ठाण्याकडे 'नेटिव्ह' हा शब्द अजूनही नाम म्हणून वापरला जातो. "ते नेटिव्हला गेलेत" म्हणजे गावी गेले आहेत. मी या भागात नोकरीला आलो तेव्हा शिक्षककक्षातल्या पहिल्याच आठवड्यात एका सहकाऱ्याने आपुलकीने विचारले होते, "सर, तुमचं नेटिव्ह कुठलं?" मी 'सोलापूर' म्हणालो. त्यांनी माझ्या आडनावाचा क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "नाही, म्हणजे मूळचं?" मी पुन्हा 'सोलापूर'च म्हणालो. यापेक्षा मागचे माझ्याकडे फारसे काही नाही. पणजोबा तेलंगणातून हातमागावर काम करायला आले, एवढे घरात सांगत. कोणत्या गावाहून, ते सांगणारे माणूस आता उरलेले नाही. घरात आम्ही तेलुगू बोलतो. ते तेलुगू ऐकून हैदराबादचा माणूस हसतो. मराठीत एम. ए. केले आणि आज बरीच वर्षे मी मराठी शिकवतो.

हा तपशील सांगण्याचे कारण असे, की पदव्युत्तर वर्गाला मी जे शिकवतो त्यात देशीवाद हा एक घटक आहे आणि इंग्रजीत त्याला 'नेटिव्हिझम' म्हणतात. दोन वर्षांपूर्वी वर्गातल्या एका विद्यार्थिनीने त्यावर वाचायला म्हणून ग्रंथालयातून पुस्तके काढली. एकात देकार्त आणि चॉम्स्की निघाले. दुसऱ्यात अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या विरोधातल्या चळवळी निघाल्या. नेमाडे कुठेच नव्हते. तिने वर्गात विचारले, "सर, यातला आपला कोणता?" मी उत्तर दिले, की शब्द एक आहे, अर्थ तीन आहेत, परस्परांशी संबंध नाही, आपण तिसरा घ्यायचा. तास संपत आला होता. उत्तर सोयीचे होते आणि चुकीचेही होते. ते दुरुस्त करण्याचा हा प्रयत्न.

मराठीला या बाबतीत एक सोय आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी 'जन्माने मिळालेला' असा अर्थ असलेला लॅटिन शब्द आहे आणि तिन्ही अर्थ त्या एकाच पोत्यात भरले आहेत. आपल्याकडे राजकारणातल्यासाठी 'भूमिपुत्र' आहे, साहित्यातल्यासाठी 'देशीवाद' आहे. तत्त्वज्ञानातल्यासाठी एकच रूढ संज्ञा नसली तरी 'उपजत' हा सुंदर घरगुती शब्द आहे. तेव्हा या लेखापुरते 'उपजतवाद' म्हणू. पोती वेगळी असली म्हणजे माल वेगळा असतोच असे मात्र नाही.

उपजतवादाचे मूळ प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सांगतात. प्रसंग प्रसिद्ध आहे. ज्ञान म्हणजे आत्म्याला आधीच ठाऊक असलेल्याचे स्मरण, हे सिद्ध करण्यासाठी सॉक्रेटिस मेनोच्या एका गुलाम मुलाला बोलावतो आणि जमिनीवर चौरस काढतो. बाजू दोन फूट, क्षेत्रफळ चार. दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती? मुलगा म्हणतो चार. पण तसे केले तर क्षेत्रफळ सोळा होते. मग म्हणतो तीन. ते नऊ होते. अखेर नुसत्या प्रश्नांच्या आधाराने तो कर्णापर्यंत पोहोचतो. कधी भूमिती न शिकलेल्या मुलात ती आधीपासून होती, असा निष्कर्ष सॉक्रेटिस काढतो.

हा प्रसंग मी अनेकदा वाचला, परंतु त्यातला पहिला प्रश्न माझ्या नजरेतून कायम निसटला होता. भूमितीला हात घालण्यापूर्वी सॉक्रेटिस मेनोला विचारतो, की हा मुलगा ग्रीक आहे ना, ग्रीक बोलतो ना? मेनो सांगतो, हो तर, आमच्या घरातच जन्मलेला आहे. म्हणजे सर्व मानवांच्या ठायी असलेल्या ज्ञानाचा पहिला दाखला सुरू होतो तोच 'याचे नेटिव्ह कुठले' या चौकशीने! अर्थात तिथे प्रश्न व्यवहाराचा आहे. भाषा समजल्याशिवाय संवाद कसा होणार? पण उत्तर पाहा. विचारले भाषेबद्दल, उत्तरात आला जन्म. शिवाय घरात जन्मलेला तो मुलगा गुलामच आहे. भूमिती सिद्ध झाल्यावर त्याला सोडून देऊन संभाषण सद्गुणाकडे वळते. त्याच्यात सगळे ज्ञान उपजत आहे आणि त्याला हक्क मात्र एकही नाही, ही गोष्ट तिथे कुणाला खटकत नाही.

अथेन्समध्ये ती खटकण्याचे कारणही नव्हते. आपले पूर्वज कुठून आलेले नसून याच मातीतून उगवले, असे अथेन्सचे नागरिक अभिमानाने सांगत. 'भूमिपुत्र' या शब्दाचा इतका शब्दशः अर्थ क्वचितच कुणी घेतला असेल. इसवी सन पूर्व 451 मध्ये पेरिक्लीसने कायदा केला, की आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व. ॲरिस्टॉटल त्या नगरात आयुष्याचा मोठा भाग राहिला, शिकला, त्याने शाळा चालवली. परंतु उत्तरेकडच्या स्तागिराचा म्हणून तो अखेरपर्यंत उपराच राहिला आणि तिथे त्याला जमीन विकत घेता आली नाही. खुद्द प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये मातीतून जन्मल्याची ही कथा एक उपयुक्त असत्य म्हणून वापरली आहे. असत्य आहे हे त्याला ठाऊक होते, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवे.

इथून पुढे उपजतवादाची वाट युरोपात बरीच वळणे घेते. ती सगळी इथे चालण्याचे कारण नाही. मात्र लॉकचा उल्लेख टाळता येत नाही. मन कोऱ्या कागदासारखे असते, उपजत तत्त्वे नावाची वस्तू नाही, हे त्याने आपल्या 1690 च्या ग्रंथात मांडले. त्याचा राग केवळ ज्ञानशास्त्रीय नव्हता. एखादे तत्त्व उपजत आहे असे एकदा म्हटले की त्याची चिकित्सा बंद होते आणि ज्यांना इतरांवर सत्ता गाजवायची आहे त्यांचे फावते, असे तो स्पष्ट म्हणतो. याच लॉकने 1693 मध्ये इंग्लंडात येणाऱ्या परकीयांना सरसकट नागरिकत्व द्यावे असे टिपण लिहिले. मनात काही उपजत नाही म्हणणाऱ्याने नागरिकत्वही जन्मावर ठेवू नये, ही संगती मला मोहक वाटते. (याच माणसाचा गुलामांच्या व्यापारात पैसा होता, हे आठवले की मोह आवरतो.) लायब्निझने त्याला उत्तर लिहिले, की मन हा कोरा कागद नसून शिरा असलेला संगमरवर आहे, मूर्ती घडवावी लागते, पण शिरांनी तिचा आकार सुचवलेला असतो. उत्तर लिहून होताहोता लॉक वारला म्हणून लायब्निझने ते छापले नाही. ते 1765 मध्ये, त्याच्याही मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. वादातली अशी सभ्यता आपल्या समीक्षेत मला फारशी आढळलेली नाही.

विसाव्या शतकात चॉम्स्कीने 1959 च्या स्किनरवरील परीक्षणापासून या मताला नवा जन्म दिला. मूल जेवढे ऐकते त्यापेक्षा कितीतरी अधिक त्याला कळते, म्हणून भाषेची क्षमता उपजत असली पाहिजे. भर्तृहरीनेही लहान मुलाच्या ठायी पूर्वसंस्काराने आलेली शब्दभावना मानली होती, हे मराठीच्या विद्यार्थ्यांना सांगायला मला आवडते. अर्थात पूर्वजन्म आणि जनुके एक नव्हेत. चॉम्स्कीच्या मताला आज भाषाविज्ञानात मोठा विरोध आहे. ते बरोबर की चूक हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. या उपजतवादात जे जन्माने मिळते ते सर्वांना सारखे मिळते. कुणाचेही मूल कुठेही वाढवा, ते तिथली भाषा पूर्णपणे आपलीशी करील. राजकारणातला नेटिव्हिझम नेमके याच्या उलट म्हणतो, की जे जन्माने मिळते ते आम्हाला मिळाले, तुम्हाला नाही. एकाच शब्दाने माणसे जोडणारा सिद्धान्त आणि माणसे तोडणारा सिद्धान्त असे दोन्ही ओळखले जावेत, ही गंमत इंग्रजीला लखलाभ.

योगायोग असा, की चॉम्स्कीचा जन्म 1928 मध्ये फिलाडेल्फियात, रशियन साम्राज्यातून पळून आलेल्या ज्यू वडिलांच्या घरी झाला. याच फिलाडेल्फियात 1844 मध्ये 'नेटिव्ह' म्हणवणाऱ्यांनी आयरिश कॅथलिकांची घरे आणि चर्चे जाळली होती. शाळेत बायबलची कोणती प्रत वाचायची, हे निमित्त होते. पुढच्या दशकात या मंडळींचा राष्ट्रीय पक्ष झाला. संघटना मुळात गुप्त, म्हणून सभासदाने विचारणाऱ्याला 'मला काही ठाऊक नाही' एवढेच सांगायचे. त्यावरून लोकांनी त्यांना 'नो-नथिंग' हे नाव दिले. परदेशातून आलेल्याला नागरिकत्वासाठी 21 वर्षे थांबवावे, ही त्यांची मागणी. 1856 च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांच्या उमेदवाराला पाचाहून अधिक टक्के नव्हे, एकवीस टक्क्यांहून अधिक मते पडली. आणि त्यांच्या एका आधीच्या पक्षाचे नाव होते 'नेटिव्ह अमेरिकन पार्टी'. ज्यांची ती भूमी होती ते आदिवासी या नावात कुठेच नव्हते. नेटिव्ह होण्यासाठी दोन-तीन पिढ्या आधी येऊन पोहोचणे पुरेसे होते.

मुंबईचे आपल्याला ठाऊकच आहे. 1960 च्या दशकात 'मार्मिक'मधून कचेऱ्यांतल्या दक्षिणी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या गेल्या आणि 1966 मध्ये शिवसेना स्थापन झाली. त्या रागाला आधारच नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. मायरन वायनर यांनी 'सन्स ऑफ द सॉइल' (1978) या पुस्तकात आसाम, छोटा नागपूर आणि हैदराबाद यांचा अभ्यास करून दाखवले, की स्थानिकांत नवा शिकलेला मध्यमवर्ग तयार होतो आणि ज्या नोकऱ्या त्याला हव्या असतात त्या आधीच बाहेरच्यांकडे असतात, तेव्हा ही चळवळ पेटते. मराठी तरुणाची तीच अवस्था होती. तरीही त्या याद्यांत माझ्या आडनावासारखी आडनावे असणार, हे मी विसरू शकत नाही. वाचणारा आडनावावरून माणूस ओळखत होता. आणि ज्या शहराबद्दल हे चालले होते त्याच्या बांधकामावर राबायला तेलंगणातून आलेल्या कामाठ्यांची वस्ती म्हणून कामाठीपुरा ओळखला जातो. कोळ्यांखेरीज त्या बेटांवर 'मूळचे' कोण, हा प्रश्न विचारणारे बहुधा दुसऱ्या गाडीने आलेले असतात. गंमत अशी की माझे पणजोबा तेलंगणातच राहिले असते तर निजामाच्या राज्यात ते 'मुलकी' ठरले असते आणि सोलापूरचा मराठी माणूस तिथे 'गैरमुलकी'! 1952 मध्ये हैदराबादेत याच शब्दांवरून मोठे आंदोलन पेटले होते.

आता देशीवाद. हे लिहिताना हात थोडा जड होतो, कारण नेमाड्यांचे माझ्यावर ऋण आहे. विद्यार्थिदशेत 'साहित्याची भाषा' (1987) आणि 'टीकास्वयंवर' (1990) वाचले नसते तर सोलापूरच्या पूर्वभागातली भाषा साहित्याच्या कामाची असते, यावर माझा विश्वास बसला नसता. तोवर मी बोलताना 'करायलाय', 'जायलोय' ही आमची रूपे गिळून पुण्याचे मराठी बोलायचा सराव करीत होतो. साहित्य एका भूमीत, एका भाषिक समूहाच्या जगण्यात रुजलेले असते. बाहेरचे घ्यावे, पण त्याचे देशीकरण करून घ्यावे. मार्गी परंपरेच्या किंवा इंग्रजीच्या फूटपट्टीने ते मोजू नये, ही मांडणी माझ्यासाठी परवान्यासारखी होती. या मांडणीत कसोटी जन्माची नाही, वावराची आहे, असे मी समजत आलो आणि आजही समजतो. म्हणून देशीवाद उपजतवादही नव्हे आणि भूमिपुत्रवादही नव्हे.

अडचण येते ती विशेषणापाशी. देशी साहित्य म्हणजे काय, हे सांगता येते. देशी माणूस कोण, असे विचारले की जमीन सरकते. मानववंशशास्त्रज्ञ राल्फ लिंटन याने 1943 मध्ये अशा चळवळींची जी व्याख्या केली तीत एक शब्द कळीचा आहे. समाज आपल्या संस्कृतीची *निवडक* अंगे जाणीवपूर्वक जपू किंवा पुन्हा उभी करू पाहतो. निवडक! निवड कोण करतो? आम्हा सोलापूरकरांची शेंगाचटणी घ्या. याहून देशी पदार्थ मला सांगता येणार नाही. पण शेंग दक्षिण अमेरिकेतली, मिरचीही पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेकडूनच आलेली. भाजीवाली मात्र तिला 'गावरान' म्हणते, आणि बरोबरच म्हणते. देशीकरण पूर्ण झाल्याची ती पावती आहे. मिरचीला आपण एवढा उदारपणा दाखवतो.

माणसांनाही पूर्वी दाखवत होतो असे दिसते. देशीवादाच्या मांडणीत महानुभाव वाङ्मयाला मानाचे स्थान आहे, आणि चक्रधर स्वामी गुजरातेतून, भडोचहून आले असे पंथाची परंपराच सांगते. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, 'लीळाचरित्र', हा बाहेरून आलेल्या माणसाच्या बोलण्याचालण्याची आठवण आहे. ज्या विठ्ठलाभोवती मराठी कवितेची शतके फिरली त्याला संत स्वतः कानडा म्हणतात, रा. चिं. ढेरे यांनी त्याचा माग दक्षिणेपर्यंत काढला. फादर स्टीफन्स तर इंग्लंडात जन्मलेला. त्याचे 'क्रिस्तपुराण' 1616 चे. हे सगळे देशी आहे की नाही? वर्गात मी हा प्रश्न विचारतो तेव्हा सगळे 'आहे' म्हणतात. मग मी विचारतो, आज असा माणूस आला तर? वर्ग शांत होतो. 2008 मध्ये रेल्वेच्या भरतीपरीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली होती, तेव्हा यातले बहुतेक जण फार लहान होते. पण प्रश्न कशाबद्दल आहे हे त्यांना सांगावे लागत नाही.

हे सर्व मी वर्गात मोठ्या उत्साहाने सांगतो, म्हणून पुढचे सांगणे भाग आहे.

'यातला आपला कोणता' असे विचारणारी ती विद्यार्थिनी भिवंडीहून येत असे. वडील पूर्व उत्तर प्रदेशातून यंत्रमागावर कामाला आलेले. घरात हिंदी आणि भोजपुरी. मराठी विषय तिने स्वतः निवडला होता. अंतर्गत मूल्यमापनाच्या निबंधात तिने लिहिले होते, 'आम्ही सर्व मराठी वाचक नेमाडे यांचे ऋणी आहोत.' मी 'आम्ही'भोवती लाल वर्तुळ काढले आणि समासात लिहिले, 'मराठी माणूस असे लिहिणार नाही.'

ती निबंध घेऊन आली. तक्रार नव्हती. "मग मराठी माणूस कसं लिहील, सर?" मी समजावले. ऐकणाऱ्याला वगळून बोलायचे तर 'आम्ही', त्याला सामावून घ्यायचे तर 'आपण'. निबंध वाचणारा मीही मराठी वाचक आहे, म्हणून इथे 'आपण' हवे. हिंदीतला 'हम' दोन्ही कामे करतो, म्हणून चूक होते. तिने मान डोलावली आणि विचारले, "मी 'आपण' लिहिलं तर चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. घरी जाताना, लोकलमध्ये, या परवानगीचा अर्थ लक्षात आला. दुरुस्ती व्याकरणाची होती, कारण दिले होते जन्माचे. मेनोने केले तेच. आणि 'मराठी माणूस' म्हणून लाल शाई चालवणारा मी तरी कोण? 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक मी कुठल्या मराठी घरात शिकलो नव्हतो. आमच्या अव्वाच्या तेलुगूत तो होता. शेजारणीला धरून बोलायचे तर ती 'मनं' म्हणे, घरच्यांपुरते 'मेमु'. शाळेत मराठीतली जोडी मला शिकावी लागली नाही, कारण ती नुसती अदलाबदल होती. फ्रँकलिन साउथवर्थ यांच्यासारख्या भाषावैज्ञानिकांनी मराठीच्या घडणीत द्राविडी भाषांचा खोल सहभाग दाखवला आहे. साउथवर्थ यांचा मराठीच्या उगमावरचा निबंध 1971 चा आहे. 'आपण-आम्ही'चा हा भेदही त्याच शेजारातून आला असावा, असे मानणारे अभ्यासक आहेत. ते खरे असेल तर ज्या खुणेवरून मी तिला अमराठी ठरवले ती खूण मराठीत बाहेरून आलेली आहे, कदाचित माझ्याच पूर्वजांच्या भाषाकुलातून. 'माग' हा शब्दही आमच्या घरात 'मग्गम' होता. कोणी कोणाकडून घेतला हे मला कधी विचारावेसे वाटले नाही. तिच्या वडिलांचा आणि माझ्या पणजोबांचा धंदा मात्र एकच.

चॉम्स्कीने 1965 मध्ये भाषाविज्ञानाचा विषय म्हणून एक आदर्श भाषक कल्पिला होता, पूर्णपणे एकजिनसी भाषिक समाजात राहणारा. सिद्धान्ताच्या सोयीसाठी ते ठीकच आहे. मी मात्र त्या कल्पित माणसाला खरा समजून त्याच्या नावाने गुण देत होतो. सोलापूरच्या पूर्वभागात किंवा भिवंडीत असा समाज मी पाहिलेला नाही. सदाशिव पेठेतही तो होता का, याची आता मला शंका येते.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडून निबंध मागून घेतला, समासातले वाक्य खोडले आणि तिथे लिहिले, 'वाचकही यात धरला आहे, म्हणून आपण.' गुण मी कापले नव्हते, त्यामुळे ते तेवढेच राहिले. पुढच्या सत्रातल्या निबंधात तिने भिवंडीतल्या आपल्या वस्तीबद्दल लिहिले. त्यात एका ठिकाणी होते, 'आपण रात्रपाळीला डबा पोहोचवायला जायचो.' मी खूण केली आणि शेजारी लिहिले, 'आम्ही. इथे वाचक तुमच्याबरोबर नव्हता.'